सुबिरियातला दुपारचा घोळ

“बर्फ! बर्फात पाठवलंत तुम्ही आम्हाला!”

सुबिरिया इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई इतक्या जोरात ओरडली, की फाउस्तोच्या हातातलं आल्फाहोरचं बिस्किट तोंडापाशीच थांबलं. फाउस्तो आणि खाणं थांबवणार? तशीच भानगड असल्याशिवाय नाही! तो, त्याची ताई रेनाता आणि त्यांचा मामेभाऊ नाहुएल तिघंही धावत बोळात आले आणि शेजारच्या दारातून आत डोकावले.

ते सेन्योरिता इरुपेचं सहलींचं ऑफिस होतं. काउंटरसमोर एक नवं जोडपं उभं होतं.

“आम्ही इग्वासूचा धबधबा मागितला होता!” बाई म्हणाली. “लग्नानंतरची पहिली सहल आमची! आणि तुम्ही तिकिटं दिलीत थेट दक्षिणेच्या टोकाची, उश्वाइयाची! ह्यांनी तर नुसता पातळ सदरा घातला होता!”

तिच्या नवऱ्यानं पुरावा म्हणून एक सणसणीत शिंक दिली.

“तिकिटावर काय लिहिलंय ते बघायला नको?” फाउस्तो पुटपुटला.

“नवीन लग्न झालेली माणसं तिकीट वाचत नाहीत, एकमेकांकडे बघतात,” रेनातानं त्याला कोपरानं ढोसलं. “गप्प बस!”

इरुपे दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती. “मला खरंच काही कळत नाही हो,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली. “मी इग्वासूच लिहिलं होतं. म्हणजे... मला तसं वाटलं होतं. हल्ली दुपारी माझं डोकं चालतच नाही!”

हे ऐकून रेनाताच्या कपाळावर आठी पडली. कारण अगदी हीच गोष्ट ती आणखी एका माणसाबद्दल रोज ऐकत होती. त्यांच्या नोनोंबद्दल!

नोनो म्हणजे त्यांचे आजोबा, अमादेओ बेर्तोलिनी. रोसारिओच्या बंदरातून जहाजानं जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करून द्यायचं त्यांचं काम. इरुपेच्या शेजारच्याच खोलीत त्यांचं ऑफिस होतं. इकडे जुलैत हिवाळा असतो, त्या हिवाळ्याची सुट्टी लागली होती. रेनाता-फाउस्तोची आई बँकेत जायची, बाबा ट्रक घेऊन लांब गेले होते, आणि पाराना गावाहून नाहुएल सुट्टीसाठी आला होता. तेव्हा आईनं तिघांची रवानगी रोज नोनोंबरोबर ऑफिसात करायची ठरवलं. “तुम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवा,” ती मुलांना हळूच म्हणाली होती आणि मोठ्यानं नोनोंना म्हणाली होती, “बाबा, तुम्ही ह्यांच्यावर लक्ष ठेवा!”

तिघं ऑफिसात परतले, तर नोनो खोलीच्या मध्यभागी उभे होते आणि इकडेतिकडे बघत होते.

“माझी टोपी पाहिलीत का रे पोरांनो?”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा!” फाउस्तो खो-खो हसला. “नोनो, डोक्यावरच आहे की!”

नोनोंनी टोपी काढली, हातात धरली आणि तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “आज टोप्यांच्या विभागात कुणीच कसं नाही? माझी आई कुठे गेली?”

फाउस्तोचं हसू तिथंच विरलं. नोनोंची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती!

* * *

त्या रात्री स्वयंपाकघरात आई फोनवर नाहुएलच्या बाबांशी बोलत होती. तिला वाटलं मुलं झोपलीत. पण मुलं दाराआड कान लावून उभी होती, हे काय सांगायला हवं?

“डॉक्टरांना काहीच सापडत नाही रे दादा!” आई म्हणत होती. “सकाळी त्यांच्यापुढे बाबा एकदम ठणठणीत. उलट डॉक्टरांचीच फिरकी घेतात! आणि दुपारी? काल लिंबांचं जहाज निघालं होतं, तर कागदावर ह्यांनी घोडे लिहिले. घोडे! डॉक्टर म्हणाले, वयच आहे. रविवारी मी त्यांना त्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. ऑफिस बंद करायचं... मला काय आनंद होतोय का सांगताना?”

आणि आई रडायला लागली.

तिघं मांजरपावलांनी खोलीत परतले.

“वृद्धाश्रम?” फाउस्तो म्हणाला. “पण सकाळी ते मला बुद्धिबळात हरवतात!”

“तेच तर!” रेनाता म्हणाली. “सकाळी हुशार, दुपारी घोळ. माणूस म्हातारा होतो तो काय फक्त दुपारी होतो?”

नाहुएल तेरा वर्षांचा होता आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची पक्की समजूत होती. त्यानं डोळे बारीक केले. “उघड आहे! कुणीतरी त्यांच्या त्या ‘माते’ नावाच्या कडू चहाच्या पाण्यात काहीतरी मिसळतंय.”

“पण कोण?”

“तो कारांसा! इमारतीचा व्यवस्थापक. त्याला नोनोंची खोली हवी असणार. परवा जिन्यात काय म्हणाला ऐकलंस ना? ‘म्हातारबुवा आता थकले हो!’ वर दात काढून हसला!”

“मग इरुपेचं काय? तिची पण खोली हवी त्याला?”

नाहुएल जरासा अडखळला. “ते... ते उद्या कळेल!”

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी नोनो खरोखरच एकदम ताजेतवाने होते. नदीवरून बोचरा वारा येत होता, तरी ते शीळ घालत चालत होते. सुबिरियाच्या दारातून आत शिरताना त्यांनी टोपी काढून इमारतीला नमस्कार केला.

“इमारतीला काय नमस्कार करता नोनो?” नाहुएलनं विचारलं.

“अरे, ही काय नुसती ऑफिसांची पेटी आहे? हे सुबिरियाचं दुकान होतं! सबंध शहरात असं दुसरं नव्हतं. तळमजल्यावर अत्तरं आणि हातमोजे, पहिल्यावर कापड, दुसऱ्यावर भांडीकुंडी, तिसऱ्यावर टोप्या आणि खेळणी. मध्ये हा एवढा मोठा चौक, थेट काचेच्या छतापर्यंत मोकळा! वर चहाचं उपाहारगृह, तिथं पियानो वाजायचा आणि खाली हातमोजे विकणाऱ्या मुली त्याच्या तालावर पुड्या बांधायच्या.”

“मग तो चौक गेला कुठे?”

“बुजवला! मालकाची पोरं आपसात भांडली, दुकान बसलं. मग ज्यानं विकत घेतलं त्यानं चौकात मजले घातले, पुठ्ठ्यासारख्या भिंती उभ्या केल्या आणि खोल्या भाड्यानं दिल्या. बघा, इथं बघा!”

नोनोंनी आपल्या खोलीतला गालिचा बाजूला सारला. खाली फरशीत रंगीत तुकड्यांचा एक मोर होता. पण फक्त डोकं आणि मान! पुढे भिंत आली होती.

“पिसारा इरुपेकडे आहे,” नोनो म्हणाले. “तिच्या कचऱ्याच्या डब्याखाली. माझी आई नेमकी इथं, ह्या मोरावर उभी राहून टोप्या विकायची. शाळा सुटली की मी इथं यायचो. आणि एकदा काय केलं माहीत आहे? इथं भिंतीत एक भोक होतं. गिऱ्हाइकांनी घेतलेल्या वस्तूंची पार्सलं त्यात टाकायची. आत गुळगुळीत लाकडाची घसरगुंडी, गोल गोल फिरत थेट तळघरात! तिथं माणसं पार्सलं उचलून गाडीत भरायची. मी आठ वर्षांचा, आईचं लक्ष नाही असं बघितलं आणि दिली उडी!”

“बापरे! मग?”

“मग काय! पार्सल बांधणाऱ्या माणसाच्या पुढ्यात टपकलो. तो म्हणाला, ‘ह्याच्यावर पत्ता कुठे आहे?’”

मुलं पोट धरधरून हसली. नोनोही हसले, मग त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. “तुमच्या आईला ही गोष्ट खरी वाटत नाही. ती म्हणते, असं भोकबिक कुठेच नाही. खरंच, मलाही आठवत नाही ते नेमकं कुठल्या भिंतीत होतं. सगळं किती बदललंय...”

नाहुएलला मात्र ह्या गोष्टीत फार रस नव्हता. त्याचं लक्ष चहाच्या पाण्याच्या थर्मासवर होतं. आज पहारा होता ना! पाणी रेनातानं घरून उकळून आणलं होतं. ‘माते’ चहाची पानं फाउस्तोनं दुकानातून नवी पुडी फोडून घेतली होती. थर्मास नाहुएलनं मांडीवर घेतला होता आणि जेवतानाही तो खाली ठेवला नव्हता.

“आज कोण विष घालतो बघूच!” तो म्हणाला.

दुपार झाली. तळघरात कुठेतरी धडधड सुरू झाली आणि खिडकीखालच्या लोखंडी नळ्या कुरकुरल्या. गॅस वाचवण्यासाठी कारांसा नवा बॉयलर दुपारीच पेटवायला लावायचा. खोली छान ऊबदार झाली. नोनो कागद घेऊन बसले आणि मुलं फरशीवरच्या मोराभोवती पत्ते खेळायला बसली.

पहिला डाव बरा गेला. दुसऱ्या डावात नाहुएलनं रेनाताचीच पानं उचलून खेळायला सुरुवात केली आणि त्याला ते कळलंही नाही. रेनाताला त्याचं हसू आलं. ती हसायला लागली आणि थांबेचना! कशासाठी हसतेय हे ती विसरली, तरी हसतच राहिली.

“माझी पाळी,” नाहुएल म्हणाला.

“कसली पाळी?”

“हे... आपण काय खेळतोय?”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“नाहुएल,” नोनो टेबलापाशी म्हणाले, “जरा दिवे लाव रे. दुकान उघडायची वेळ झाली.”

कुणी विष घातलं नव्हतं, कुणी आत आलं नव्हतं, तरी नोनोंचा घोळ सुरू झाला होता! रेनाता विचार करू पाहत होती, पण विचार साबणासारखा हातातून निसटत होता. तिनं कागदी पिशवी फाउस्तोपुढे केली. “घे, शेवटचा मेदियालुना. तुझा.”

“नको,” फाउस्तो म्हणाला.

रेनाताचं हसणं खाड्कन थांबलं.

नको? लोण्यातला तो गोड, चंद्रकोरीसारखा पाव आणि फाउस्तो नको म्हणतो? हा मुलगा गोवरातही दोन-दोन खायचा! तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. ते पांढरंफटक होतं.

“डोकं दुखतंय ताई. मला ओकारी येतेय.”

“नाहुएल, ऊठ! ह्याला बाहेर नेऊ या. नोनो, तुम्ही पण चला ना!”

“मी कसा येऊ? दुकानात कुणीतरी हवं!” नोनोंनी हट्टानं मान हलवली.

फाउस्तो दारातच वाकला. मग जास्त बोलायला वेळच नव्हता. दोघांनी त्याला दोन्हीकडून धरलं आणि जिने उतरून समोरच्या चौकात आणलं.

* * *

थंड वारा तोंडावर आला आणि काय आश्चर्य! थोड्याच वेळात फाउस्तोच्या गालांवर रंग आला. नाहुएलला आपण काय खेळत होतो ते आठवलं. रेनाताचं डोकं अजून ठणकत होतं, पण विचार आता नीट रांगेत उभे राहत होते.

“आपण तिघंही वेडे झालो होतो!” ती म्हणाली. “आणि नोनो. आणि शेजारी इरुपे. म्हणजे माणसांत काही बिघडलेलं नाही. त्या खोल्यांत बिघडलंय!”

“भूत!” फाउस्तो म्हणाला.

“भूत कसलं! शाळेत अग्निशमन दलाचे काका आले होते ते आठव. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद असल्या आणि शेगडीचा धूर बाहेर गेला नाही तर काय होतं म्हणाले होते? डोकं दुखतं, ओकारी येते, माणूस बरळायला लागतो...”

“आणि झोपतो,” फाउस्तो हळूच म्हणाला. “आणि उठत नाही. त्या वायूला वास नसतो म्हणाले होते. कार्बन मोनॉक्साइड!”

“पण नोनोंच्या खोलीत शेगडी कुठे आहे?” नाहुएलनं विचारलं. “बॉयलर तर तळघरात, चार मजले खाली. त्याचा धूर त्या चिमणीतून—”

त्यानं सुबिरियाच्या छताकडे बोट दाखवलं आणि त्याचं बोट हवेतच राहिलं.

आजूबाजूच्या सगळ्या इमारतींच्या धुराड्यांतून पांढऱ्या वाफेचे लोट निघत होते. सुबिरियाच्या उंच विटांच्या चिमणीतून काहीच निघत नव्हतं. उलट, तिच्या तोंडावर एक कबुतर बसलं होतं. दुसरं कबुतर चोचीत काडी घेऊन आलं आणि खुशाल आत उतरलं.

“ते घरटं बांधतंय!” फाउस्तो ओरडला. “चिमणीत!”

“म्हणजे चिमणी थंडगार आहे,” रेनाता म्हणाली. “बॉयलर धडधडतोय आणि चिमणी थंड. मग धूर जातो कुठे?”

तिघांच्याही चेहऱ्यांवर नुसता गोंधळ! तळघरातून धूर निघतो, छतावर पोहोचत नाही, मधले मजले सोडून नेमका तिसऱ्याच मजल्यावर उतरतो? हे कसं शक्य आहे?

आणि एकदम नाहुएलनं कपाळावर हात मारला.

“घसरगुंडी! नोनोंची पार्सलांची घसरगुंडी! तिसऱ्या मजल्यावरून थेट तळघरात! नोनो त्यातून घसरत खाली आले, तर धूर त्यातूनच चढत वर जाईल!”

“आणि नोनो अजून वरच आहेत!” रेनाता किंचाळली आणि पळत सुटली. पळता पळता ती ओरडली, “तुम्ही आधी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून अग्निशमन दलाला फोन करा! मग बॉयलर बंद करा! कसाही!”

* * *

रेनाता तीन जिने कशी चढली ते तिलाही कळलं नाही. आधी लागलं इरुपेचं ऑफिस. इरुपे काउंटरवर डोकं टेकून पेंगत होती.

“सेन्योरिता, उठा! बाहेर चला!”

“हं... पाच मिनिटं...”

रेनातानं तिच्या कानाशी तोंड नेलं. “ते धबधब्यावाले परत आलेत!”

इरुपे ताडकन उठली, पर्स छातीशी धरली आणि मागे न बघता जिना उतरत गेली!

मग रेनाता नोनोंच्या खोलीत शिरली. नोनो खुर्चीत कलले होते. डोळे अर्धवट मिटलेले. तिनं दार सताड उघडून खुर्ची लावली. खिडकीकडे धावली, पण ती वर्षानुवर्षांच्या रंगानं घट्ट चिकटलेली होती. टेबलावर कागद दाबायचा लोखंडी ठोकळा होता. रेनातानं तो उचलला, डोळे मिटले आणि दिला भिरकावून! खळ्ळकन काच फुटली. गार वारा आत घुसला.

“नोनो! चला ना!”

“जागा सोडता येत नाही, बाळ,” नोनो जड जिभेनं म्हणाले. “दुकान बंद झालं नाही अजून.”

तिनं हात ओढला. पण आजोबा म्हणजे काही दप्तर नव्हे उचलायला! तिला रडू फुटणार, एवढ्यात तिला एक सुचलं. ती सरळ उभी राहिली, हात पाठीमागे घेतले आणि एखाद्या रुबाबदार विक्रेतीसारखा आवाज काढला.

“मंडळी, लक्ष द्या! सुबिरियाचं दुकान आता बंद होत आहे. सर्वांनी कृपा करून जिन्यानं खाली यावं. लहान मुलांचा हात धरावा!”

नोनोंनी डोळे उघडले. टोपी नीट केली. “झालं का बंद?” ते म्हणाले, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. त्यांनी रेनाताचा हात धरला. “चल. गर्दीत हात सोडू नकोस हं.”

“नाही सोडणार,” रेनाता म्हणाली. डोळे भरून आल्यामुळे तिला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. पण तिनं हात सोडला नाही.

* * *

इकडे फोन करून नाहुएल आणि फाउस्तो तळघरात पोहोचले होते. बॉयलरशेजारी व्यवस्थापक सेन्योर कारांसा पहारेकरी रुफिनोला काहीतरी दटावत उभा होता. बॉयलरमधून चकचकीत पत्र्याचा पाइप निघाला होता आणि भिंतीतल्या एका गोल भोकात शिरला होता. त्या भोकाच्या कडेला गुळगुळीत झालेलं जुनं लाकूड आणि पितळेची पट्टी होती.

“बॉयलर बंद करा!” नाहुएल धापा टाकत म्हणाला. “ते धुराडं नाहीये! ती घसरगुंडी आहे!”

“घसरगुंडी?” कारांसा हसला. “रुफिनो, ही पोरं कुठून शिरली? अरे, जुनं धुराडं आहे ते, सरळ छतापर्यंत जातं.”

“वर जाऊन बघितलंत का?”

“वर कशाला जायचं? दिसतंय की भोक! चला, निघा! बॉयलर काही बंद व्हायचा नाही.”

“वर माणसं बेशुद्ध पडतायत!”

“म्हातारबुवा रोजच पेंगतात!”

नाहुएलचे कान लाल झाले. आणि तेवढ्यात छोटा फाउस्तो निरागस चेहऱ्यानं म्हणाला, “जाऊ दे रे नाहुएल. त्यांना वाटत नसेल तर राहू दे पाणी गळत.”

“पाणी?” कारांसा वळला. “कुठलं पाणी?”

“त्या गरम नळ्यांमधलं. पहिल्या मजल्यावर तुमच्या ऑफिसात केवढं गळतंय! तो नवा गालिचा आहे ना, पांढरा? तो आता काळा होत चाललाय.”

“माझा गालिचा!” कारांसा किंचाळला. “रुफिनो, बघतोस काय? बंद कर बॉयलर! बंद कर आधी!”

रुफिनोनं चावी फिरवली. धडधड थांबली. कारांसा दोन-दोन पायऱ्या चढत गालिचा वाचवायला धावला. तो पोहोचला तेव्हा गालिचा खडखडीत कोरडा होता, आणि खिडकीखाली अग्निशमन दलाची गाडी भोंगा वाजवत थांबत होती!

पुढचं सगळं भराभर झालं. जवानांनी इमारत रिकामी केली. त्यांच्या प्रमुख एक उंच बाई होत्या, कॅप्टन अगिर्रे. त्या हातात वायू मोजायचं यंत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या. खिडकी फुटलेली, दार उघडं, तरी यंत्रानं टिटिटिटि असा आकांत मांडला. जवानांनी नोनोंचं फायलींचं जड कपाट सरकवलं. मागे एक लाकडी झडप होती. तिच्या फटींतून अजून गरम हवा येत होती. आणि झडपेवर जुन्या सोनेरी रंगात एक हात काढलेला होता, बोट खाली दाखवणारा: ‘पार्सलं’.

“खालच्या मजल्यांवरची भोकं विटांनी बुजवली होती,” खाली येऊन कॅप्टन म्हणाल्या. “हे एक राहिलं, कपाटामागे. आणि सगळा वायू इथं बाहेर पडत होता. सेन्योर कारांसा, धुराडं जोडण्यापूर्वी कुणा जाणकाराला दाखवलं होतंत?”

“मला... मला वाटलं...” कारांसा टाय सैल करत म्हणाला.

“ते आता चौकशीत सांगा. तोवर इमारतीला कुलूप!”

मग त्या मुलांकडे वळल्या. “एवढ्या वर्षांच्या नोकरीत कबुतरांचा इशारा कुणी ऐकलेला मी पाहिला नव्हता. आज तुम्ही आला नसतात, तर संध्याकाळी आम्हाला दोन माणसं खांद्यावरून उतरवावी लागली असती.” आणि त्यांनी तिघांना कडक सलाम ठोकला! नाहुएल इतका गडबडला, की त्यानं डाव्या हातानं उलट सलाम केला.

* * *

दवाखान्यात नोनोंना प्राणवायू लावला होता. मुलांनाही तपासलं, आणि फाउस्तोनं परिचारिकेकडे खायला काय आहे ते विचारलं, तेव्हा तो बरा आहे ह्याबद्दल कुणालाच शंका उरली नाही.

बँकेतून धावत आलेली आई पलंगाशी उभी होती. नोनोंनी तोंडावरचा प्राणवायूचा मास्क बाजूला केला. त्यांचे डोळे सकाळच्यासारखे स्वच्छ होते.

“बाबा, माफ करा मला,” आई म्हणाली. “मी तुम्हाला रविवारी... मी सगळं ठरवून ठेवलं होतं. तुमची गोष्टसुद्धा मी कधी खरी मानली नाही. मला वाटलं, तुम्ही विसरायला लागलात.”

“त्यात तुझी काय चूक, सिल्विना?” नोनो म्हणाले. “मलाही तेच वाटलं होतं.”

आई बघतच राहिली. मुलंही.

“कुणाला बोललो नाही मी,” नोनो म्हणाले. “फार भीती वाटायची. घरी आलो की अंथरुणात पडून तुम्हा सगळ्यांची नावं पाठ म्हणायचो, शाळेतल्या पाढ्यांसारखी. एखाद्या सकाळी उठलो आणि त्यातलं एक सापडलंच नाही तर?”

आईनं त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. मग आईनं डोळे पुसले आणि तिघा मुलांना पलंगाजवळ ओढलं.

“डॉक्टरांना जमलं नाही, मला जमलं नाही, ते ह्यांनी केलं. बाबा, काहीतरी बोला ना ह्यांना! शाबासकी तरी द्या!”

नोनोंनी उशीला पाठ टेकवली. एकेकाकडे नीट बघितलं. आणि सावकाश, एकही अक्षर न चुकता, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत ते म्हणाले,

“रेनाता. नाहुएल. फाउस्तो.”